पंखांना खांदा हवा

प्रिय मैत्रिणी,

तुझी बारा चित्रं आणि चार पानी पत्र मिळालं. चित्रं लगेच पाहिली, पत्र दोन दिवसांनी उघडलं. चित्रकाराला काय म्हणायचं होतं ते आधी कळलं की चित्रात नसलेलंही आपल्याला दिसायला लागतं, म्हणून मी हा क्रम पाळते. आणि मॅडम नको, ताई म्हण.

सहावं चित्र मी टेबलासमोरच्या भिंतीला लावून ठेवलंय. कड्यावरून झेपावणारा तो ड्रॅगन. मावळतीच्या उन्हाने त्याच्या खवल्यांच्या कडा जशा पेटल्या आहेत, तसा रंग कुणी शिकवून येत नाही. पण रोज सकाळी चहा पिताना त्याच्याकडे बघते आणि रोज एकच गोष्ट खटकते. तो उडत नाही, हवेत टांगलाय. पंख भले मोठे आहेत, पण त्यांना खांदा नाही. कुंडीतून रोप वर यावं तसे ते पाठीतून वर आलेत.

तू विचारलंयस, कल्पनाशक्ती वाढवण्यासाठी काय करू? अगं, कल्पना तुझ्याकडे भरपूर आहे. कमी पडतंय ते पाहणं. जे जगात नाही ते काढायचं, तर जे आहे ते इतरांपेक्षा जास्त बारकाईने पाहिलेलं असावं लागतं. बाकीच्या चित्रकारांची चूक बघणारा पकडतो, कारण घोडा कसा असतो हे त्याला ठाऊक असतं. आपल्या ड्रॅगनची चूक त्याला सांगता येत नाही. त्याला फक्त वाटतं की हे खोटं आहे, आणि तो पान उलटतो.

पंखांचंच घे. वटवाघळाचा पंख म्हणजे चक्क हात असतो. अंगठा मोकळा, नखासकट. उरलेली चार बोटं छत्रीच्या काड्यांसारखी लांबलेली आणि त्यांच्यात कातडीचा पडदा. पक्ष्याचं वेगळं. त्याच्या छातीच्या हाडाला होडीच्या तळासारखी उभी कड असते आणि पंख मारणारे मोठे स्नायू त्या कडेला धरून असतात. तुझ्या ड्रॅगनला चार पाय आणि वर दोन पंख आहेत. म्हणजे पुढच्या पायांचे खांदे आणि पंखांचे खांदे एकाच छातीत बसवायचे. निसर्गाने असा हाडांचा प्राणी केलेला नाही, म्हणून ते तुलाच ठरवायचंय. पंखांचा खांदा पायांच्या मागे ठेव, वर ठेव, छाती वाघाची कर नाहीतर गिधाडाची, पण ठरव. एकदा ठरलं की पंख पसरल्यावर बरगड्यांवरची कातडी कुठे ताणली जाईल, कुठे चुणी पडेल, हे आपोआप सुचायला लागतं.

माझी अर्धी वही घोरपडींनी भरलेली आहे. पुण्यात कात्रजच्या सर्पोद्यानात मी एके काळी दर आठवड्याला नसले तरी महिन्यातून दोनदा असायचेच. घोरपड चालताना कोपरं बाहेर काढते, सगळं अंग डावी-उजवीकडे वळतं आणि शेपूट उलट दिशेला जातं. गळ्याखाली सैल कातडीच्या वळ्या असतात. ती थांबली की नुसती थांबत नाही, सगळं वजन जमिनीवर ठेवून देते. ते ठेवणं मला कागदावर जमायला पाच-सहा महिने लागले. पण त्यानंतर मी काढलेला एकही राक्षस जमिनीवर तरंगला नाही.

आपल्याकडच्या जुन्या कारागिरांना हे पक्कं ठाऊक होतं. जंजिऱ्याच्या महादरवाजाशी एक शिल्प आहे, शरभासारखं, म्हणजे पुराणातल्या सिंहासारख्या काल्पनिक प्राण्यासारखं जनावर आणि त्याच्या पंजांत पकडलेले हत्ती. नीट बघ. जनावर प्रचंड आहे हे त्या पाथरवटाने जनावर मोठं करून दाखवलेलं नाही, तेवढा दगडच त्याच्याकडे नव्हता. त्याने हत्ती लहान केले. आणि वेरूळला सोळाव्या लेण्यात रावण कैलास हलवतोय ते शिल्प. पर्वताचं वजन रावणाच्या पसरलेल्या हातांत आहेच, पण पर्वत खरंच हलला हे कळतं ते वर पार्वतीने शंकराचा हात धरलाय आणि एक दासी पळत सुटली आहे त्यावरून. मी त्या शिल्पासमोर एक अख्खी दुपार घालवली आहे. तुझ्या दहाव्या चित्रात राक्षस गावात शिरलाय आणि गावात कुणीच नाही. एक तरी माणूस पळू दे. निदान एक कोंबडी.

लहानपणी आमच्या घरी चांदोबा यायचा. त्यात विक्रम-वेताळाचं चित्र काढणारे शंकर, म्हणजे के. सी. शिवशंकरन, २०२० साली गेले. हातात तलवार, खांद्यावर प्रेत आणि मध्यरात्रीचं स्मशान. भीती वाटायची ती वेताळाची, पण आता चित्रकार म्हणून बघते तेव्हा खांद्यावर लोंबणारं ते प्रेत दिसतं. ते जड आहे. म्हणून राजा खरा आणि राजा खरा म्हणून वेताळही खरा.

आता कामाच्या पद्धतीबद्दल. तुझ्या पत्रावरून दिसतं की तू थेट टॅबलेटवर मोठ्या कॅनव्हासवर सुरुवात करतेस आणि डोळ्यापासून काढत जातेस. हे थांबव. मी मजकूर दोनदा वाचते, मग वहीत काडेपेटीएवढ्या चौकटी आखते आणि त्यात थंबनेल, म्हणजे चित्राचे चिमुकले कच्चे आराखडे काढते, एका मुखपृष्ठासाठी पंचवीस-तीस. पहिली सात-आठ कुठेतरी पाहिलेली असतात, ती हातातून निघून जावी लागतात. त्या चौकटीत पेन्सिलीला खवले काढायला जागाच नसते, त्यामुळे फक्त काळं, करडं आणि पांढरं उरतं, आणि चित्र उभं राहतं की नाही हे तिथेच ठरतं. काडेपेटीत जे वाचता येत नाही ते पोस्टरवरही वाचता येत नाही. पत्त्यांच्या खेळांचं काम मिळालं तर हे फार उपयोगी पडेल. पत्ता साधारण ६३ बाय ८८ मिलिमीटरचा, आणि त्यातली चित्राची खिडकी अर्ध्याहून कमी. आणि हो, पुस्तकाचं मुखपृष्ठ असेल तर शीर्षकाची जागा थंबनेलमध्येच सोड. मी एकदा विसरले होते, आणि राणीच्या कपाळावरून लेखकाचं नाव गेलं.

थंबनेल ठरलं की मी शाडू भिजवते. मुठीएवढं डोकं करते, सुबक नाही, ओबडधोबड. अंगठ्याने डोळ्यांच्या खोबणी दाबायच्या, भुवयांचं हाड चिमटीने उचलायचं, शिंगांना काडीचा आधार द्यायचा. मग खोलीतले दिवे घालवून टेबललॅम्प फिरवायचा. मागच्या महिन्यात एका जलराक्षसाचं डोकं असंच केलं होतं. दिवा वर होता तोवर तो नाटकातला राक्षस दिसत होता. दिवा डोक्याच्या खालून, डावीकडून धरला आणि शिंगाची सावली वळून कानामागून वर छतापर्यंत गेली. खालून उजेड, म्हणजे पाण्यातून येणारा उजेड! ती सावली मला कधीही मनाने सुचली नसती. मोबाइलवर वीस फोटो काढले आणि डोकं ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलं, नाहीतर सकाळपर्यंत तडे जातात. अंगावरच्या कपड्यांसाठी मी आईची जुनी इरकल वापरते, भाच्याला पांघरायला देते आणि गच्चीवर उभं करते. चुण्या मनाने काढू नकोस, कधीच.

रंगाच्या बाबतीत एक ठेच मला लागली आहे, ती तुला लागू नये. एका दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ होतं, रात्रीचं जंगल, निळ्यात निळं. स्क्रीनवर ते जिवंत दिसत होतं. पण स्क्रीन स्वतः उजेड टाकतो, कागद टाकत नाही, आणि छपाईच्या चार शाईंत ते झळाळतं निळं बसतच नाही. अंक स्टॉलवर हातात घेतला तर जंगल काळं आणि माझ्या यक्षिणीचा फक्त एक डोळा शिल्लक. घरी येऊन रडले होते. तेव्हापासून चित्र पूर्ण होण्याआधीच एकदा करडं करून बघते, उलटं फिरवून बघते आणि कागदावर प्रूफ काढल्याशिवाय पाठवत नाही. चारही बाजूंनी तीन मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापताना जाणारी जादा कड, आणि इंचाला तीनशे ठिपके, म्हणजे तीनशे डीपीआय, हे तुला येतंच.

पैशांबद्दल लिहायला तू लाजली आहेस. लाजू नकोस. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात एक तरतूद आहे, ती चित्रकारांपैकी फार थोड्यांना माहीत असते. कुणी मोबदला देऊन रंगचित्र काढून घेतलं आणि उलट काही ठरलेलं नसलं, तर त्या चित्राच्या कॉपीराइटचा पहिला मालक काढून घेणारा असतो, काढणारा नाही. एका प्रकाशकाने माझा एकच राक्षस तीन पुस्तकांवर आणि एका कॅलेंडरवर वापरला. मी भांडायला निघाले तेव्हा वकिलांनी मला हेच वाचून दाखवलं. म्हणून पेन्सिल उचलण्याआधी लेखी ठरव: कॉपीराइट तुझा, त्यांना वापरायचा हक्क कुठल्या पुस्तकासाठी, कुठल्या भाषेत, किती वर्षं. हक्क लिहून दिलेच तरी, मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. निम्मे पैसे आधी घे. बदल किती वेळा करून देणार तेही लिही, मी दोनदा लिहिते. भांडखोर म्हणून नाव होईल अशी भीती वाटेल. होत नाही. नीट लिहिणाऱ्याकडे लोक परत येतात.

नुसत्या ड्रॅगन-राक्षसांच्या अद्भुत चित्रांवर घर चालेल असं पहिली चार-पाच वर्षं धरू नकोस. पाठ्यपुस्तकं, पॅकेजिंग, अॅनिमेशनच्या स्टुडिओतलं काम, सगळं घे. जून-जुलैत दिवाळी अंकांना फोन कर, गणपतीनंतर उशीर होतो. चित्रकार दीनानाथ दलाल तर स्वतःच 'दीपावली' अंक काढत, चित्रकारही तेच आणि संपादकही तेच. त्या वाटेचाही कधीतरी विचार कर. मात्र आठवड्यातली एक सकाळ कुणालाही विकू नकोस, ती घोरपडींची.

एआयबद्दल तू दीड पान लिहिलं आहेस आणि त्यातली भीती मला समजते. माझं एक नेहमीचं काम गेलं त्यामुळे. ते परत येईल असं खोटं मी सांगणार नाही. पण ज्या संपादकांना 'याचा पंख मिटला की कसा दिसेल?' असा प्रश्न पडतो ते अजून फोन करतात, कारण कथेत पुढच्या प्रकरणात पंख मिटायचा असतो आणि त्याच प्राण्याचा मिटायचा असतो. तो प्रश्न आला की उत्तर तुझ्याकडे तयार पाहिजे, हाडासकट.

ते सहावं चित्र सोडून देऊ नकोस. पुन्हा काढ. आधी तीस चौकटी, त्यात पंख काढायचे नाहीत, फक्त धड आणि खांदे. रविवारी सकाळी ये, मी शाडूचं अर्धं पोतं राखून ठेवलंय. जुना शर्ट घाल, आणि तुझ्याकडे असेल तर एक टेबललॅम्प घेऊन ये, माझा एकच आहे आणि आपल्याला दोन लागतील.

तुझी
ताई