रंग परत निळा होतो, पाणी मात्र साफ होत नाही

प्रश्न : मेफेड्रोन या अमली पदार्थाच्या बेकायदा कारखान्यांमुळे होणाऱ्या प्रदूषणावर कॉलेजच्या प्रदर्शनात मांडणी करतोय. प्रेक्षकानं बटण दाबलं की छोट्या पंपातून व्हिनेगर पडतं आणि ट्रेमधलं गोकर्णीचं निळं पाणी जांभळं व्हायला हवं. दहा-पंधरा जणांनी दाबूनही ते निळंच राहतं.
– विद्यार्थी, कर्वे रस्ता, पुणे

उत्तर : गोकर्णीचा रंग साधारण पीएच 4 च्या खाली गेल्याशिवाय जांभळ्याकडे झुकत नाही. त्यात नळाच्या पाण्यातले बायकार्बोनेट पहिलं आम्ल गिळून टाकतात. व्हिनेगर त्यासाठी फार पातळ, शिवाय दालनभर वास. त्याऐवजी लिंबूसत घ्या.

ट्रे उथळ ठेवा, पाणी 4 लिटर. लिटरला 10-12 सुकी फुलं गरम पाण्यात 10 मिनिटं ठेवून फडक्यातून गाळा. 100 ग्रॅम लिंबूसत विरघळवून द्रावण 500 मिली करा. 5 मिलीत 1 ग्रॅम येतं. एका दाबाला तेवढंच पडू द्या. पहिल्या दोघा-तिघांना काहीच दिसणार नाही. ते तसंच असू द्या, कारखान्याच्या कचऱ्याचं पहिलं पिंप ओतल्यावर ओढाही तसाच दिसतो. विसाव्या दाबापर्यंत पाणी गुलाबीसर जांभळं झालेलं असेल.

खरी गंमत पुढे आहे. त्या पाण्यात 20 ग्रॅम खायचा सोडा चिमटी-चिमटीनं टाका (एकदम टाकला तर फेस ट्रेबाहेर येतो). रंग परत निळा! पण ट्रेमध्ये टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) बुडवून ठेवा. सुरुवातीला शे-दोनशेच्या आसपास असलेला आकडा हजारांत गेलेला असेल आणि रंग परतला तरी खाली येणार नाही. आम्ल मारलं, क्षार तिथेच राहिले. आमच्या मते मांडणीचा केंद्रबिंदू तो आकडाच करा. रंग नुसता लक्ष वेधायला. फुलांचं पाणी रोज ताजं करा, दुसऱ्या दिवशी आंबूस वास मारतं.

प्रश्न : पंप सुरू झाला की आर्डुइनो (पंप चालवणारा छोटा कंट्रोलर बोर्ड) रीसेट होतो.

उत्तर : पंप बोर्डाच्याच 5 व्होल्टवर जोडलेला दिसतो. मोटर सुरू होताना करंट ओढते, व्होल्टेज पडतं, बोर्ड झोपतो. पंप 12 व्होल्टचा असेल तर त्याला वेगळा 12 व्होल्ट, 1 अँपिअरचा अडॅप्टर द्या. दोन्हींचं ग्राउंड मात्र एकत्र करा. मधे आयआरएलझेड44एन मॉसफेट (बोर्डाच्या इशाऱ्यावर पंप चालू-बंद करणारा स्विच), त्याच्या गेटला, म्हणजे इशारा घेणाऱ्या पायाला, 220 ओहमचा रेझिस्टर, गेट ते ग्राउंड 10 किलोओहमचा. पंपाच्या दोन टोकांवर 1एन4007 डायोड, पट्टीची बाजू प्लसला. दुकानात आयआरएफ540 हाती देतील. तो 5 व्होल्टवर पुरता उघडत नाही, उगाच तापतो. तापकीर गल्लीत नाव लिहूनच घेऊन जा. पंप 60 सेकंद मोजपात्रात चालवून मिली मोजा आणि त्यावरून 5 मिलीचे सेकंद काढा. नळी बदलली की पुन्हा मोजा.

प्रश्न : ट्रेवर ‘मुठा’ असं लिहावं का? आणि कचऱ्याचं प्रमाण किती दाखवावं?

उत्तर : मुठा नको. फेब्रुवारी 2024 मध्ये पुणे पोलिसांनी दौंड तालुक्यातल्या कुरकुंभ एमआयडीसीतून मेफेड्रोनचा मोठा साठा पकडला, हे लिहा. त्यावरून अमुक नदीत कचरा गेला, असं म्हणता येत नाही. जंगलात पिंपं टाकून देणं, गटारात ओतणं, हे नेदरलँड्स आणि बेल्जियममध्ये वारंवार नोंदलं गेलंय. तो दाखला त्यांच्याच नावानं द्या.

संयुक्त राष्ट्रांच्या 2022 च्या जागतिक अमली पदार्थ अहवालानुसार कृत्रिम अमली पदार्थांच्या तयार मालाच्या 5 ते 30 पट कचरा निघतो. तयार माल म्हणून 10 ग्रॅम मीठ एका बाटलीत, शेजारी 30 पटीच्या हिशेबानं 300 ग्रॅम गढूळ पाण्याची बरणी, एवढं पुरे. काचेची प्रयोगशाळेची भांडी आणि रसायनांची यादी मात्र फलकावर नकोच; बघणारा कचरा सोडून कृतीच वाचत बसतो.