वाचक विचारतात : रणगाड्याच्या पोटात बोलायचं कसं?

प्रश्न : सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थानावरच्या पोलीस ॲक्शनच्या वेळी सोलापूरकडून भारतीय फौज आली तेव्हा रणगाड्यांची घरघर लांब रानात ऐकू यायची, असं घरातली जुनी माणसं सांगत. बाहेर एवढा आवाज, तर आतली माणसं एकमेकांशी बोलत कशी? ओरडून?
(एक वाचक, नळदुर्ग)

ओरडून काहीच साधत नाही. इंजिन, चाकांवरून फिरणाऱ्या लोखंडी पट्ट्यांचा खडखडाट आणि तोफ हे सगळं लोखंडी पेटीत कोंडलेलं असतं, त्यामुळे शेजारच्याच्या कानाला तोंड लावलं तरी शब्द पोचत नाही. त्या काळात आपल्या लष्कराकडे शर्मन आणि स्टुअर्ट हे रणगाडे होते. शर्मनमध्ये पाच माणसं. खाली पुढच्या बाजूला ड्रायव्हर आणि त्याचा सहकारी, वर फिरणाऱ्या टरेटमध्ये, म्हणजे तोफेच्या बुरुजात, कमांडर, गनर (तोफ डागणारा) आणि लोडर (गोळा भरणारा). झडपा बंद झाल्या की ड्रायव्हरला समोरची वितभर दुनिया दिसते आणि गनरला दुर्बिणीतली. चौफेर बघणारा एकटा कमांडर. त्याचं बोलणं खाली पोचलं नाही, तर तीस टनांचं धूड आंधळं झालं म्हणून समजा.

म्हणून प्रत्येकाच्या कानावर हेडफोन, जवळ माइक आणि मध्ये तारा. ब्रिटिश धाटणीच्या रणगाड्यांत यासाठी ‘वायरलेस सेट नंबर १९’ असे. एकाच सेटमध्ये तीन कामं होती. ‘ए’ म्हणजे लांबचा रेडिओ, २ ते ८ मेगाहर्ट्झचा. ‘बी’ जवळच्या रणगाड्यांशी बोलायला, मैलभराच्या आतला. आणि ‘आयसी’ ही फक्त आतल्या माणसांची लाइन. कोणत्या लाइनवर बोलायचं ते एक खटका फिरवून ठरायचं, आणि नेमका तिथेच घोळ व्हायचा. कमांडर वरिष्ठांशी ‘ए’वर बोलून झाला आणि गडबडीत खटका परत ‘आयसी’वर आणायला विसरला, की “ड्रायव्हर, रिव्हर्स!” हा हुकूम सगळ्या तुकडीला ऐकू जायचा, ऐकू जायचा नाही तो फक्त ड्रायव्हरला. समोर शत्रूची तोफ असताना ही चूक जिवावर बेतते. म्हणून बोलायच्या आधी बोटांनी खटका चाचपायचा, ही सवय हाडीमांसी मुरवावी लागे.

दुसरी शिस्त शब्दांची. एकाच लाइनवर सगळे ऐकत असतात, म्हणून आधी ज्याला सांगायचं त्याचं नाव, मग काम. “ड्रायव्हर, हॉल्ट.” गनरला द्यायचा हुकूमही ठरल्या क्रमाने जायचा: कोणता गोळा, टरेट कुठे वळवायचं, अंतर किती, लक्ष्य काय. टरेट वळत असताना कमांडर “स्टेडी” म्हणाला की गनरने वेग कमी करायचा, “ऑन” म्हणाला की थांबायचं आणि “फायर” म्हणाला की गोळा सोडायचा. क्रम बदलला तर गनर अंतराचा आकडा ऐकताना लक्ष्य शोधत बसतो. यंत्रापेक्षा ही शिस्त महत्त्वाची, असं आमचं स्पष्ट मत आहे. उत्तम सेट असूनही पाच जण एकदम बोलू लागले, तर तो नसल्यातच जमा.

प्रश्न : जुन्या फोटोंत रणगाड्यातल्या सैनिकांच्या गळ्याला पट्टा दिसतो. तो माइक असतो का? तोंडापासून लांब असून चालतो कसा?
(एक विद्यार्थिनी, परभणी)

हो, तो गळ्याचा माइक. जर्मन, रशियन आणि अमेरिकन रणगाड्यांत तो सर्रास वापरात होता. नंबर १९ सेटबरोबर मात्र सहसा हातात धरून बटण दाबायचा माइक असे. गळ्याच्या पट्ट्यावर दोन चकत्या असतात, त्या कंठमण्याच्या दोन्ही बाजूंना टेकतात. आत कार्बनचे बारीक दाणे असतात आणि त्यांतून बॅटरीचा प्रवाह वाहतो. कातडीच्या कंपाने दाणे दबतात, सुटतात, आणि प्रवाह त्याप्रमाणे कमीजास्त होतो. हवेतला आवाज तो जवळजवळ पकडतच नाही, म्हणून इंजिनाची घरघर बाहेरच राहते.

पण त्याची किंमत मोजावी लागते. दोन बोटं कंठमण्याच्या दोन्ही बाजूंना ठेवा आणि “आ” म्हणा. बोटांना थरथर जाणवेल. आता नुसतं “स्स्स” म्हणा. काहीच नाही. स, श, च, त, ठ, प, फ हे आवाज जीभ, दात आणि ओठांनी होतात, गळा थरथरत नाही. आता पाच, सात, आठ म्हणून बघा. गळ्याच्या माइकला या तिन्हींत मुख्यतः एकच ‘आ’ सापडतो! म्हणून अशा माइकवर बोलताना शब्द सावकाश आणि तोडून बोलावे लागतात, आणि ऐकणाऱ्याने आकडा परत म्हणून दाखवलेला बरा.

नेहमीचे बिघाड असे. पट्टा सैल असला की खरखर येते, फार आवळला तर बोलणाराच गुदमरतो. चकती बाजूला सरकली की आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा येतो. दमट हवेत कार्बनचे दाणे एकमेकांना चिकटतात. तेव्हा चकतीवर बोटाने हलकी टिचकी मारली की बहुधा काम होतं. आणि सगळ्यात साधी चूक: बटण दाबायच्या आधीच बोलायला सुरुवात करणं. पहिला शब्द तुटतो, आणि पहिला शब्द म्हणजे ज्याला हुकूम द्यायचा त्याचं नाव.

प्रश्न : ही साधनं नव्हती तेव्हा काय करत?
(एक वाचक, आष्टी, जि. बीड)

लाथा मारत. अगदी अक्षरशः. पहिल्या महायुद्धातल्या फ्रेंच रेनो एफटीमध्ये दोनच माणसं असत. ड्रायव्हर पुढे खाली, कमांडर त्याच्या मागे वर. पाठीत पाय लागला की पुढे चल, ज्या खांद्यावर लागला तिकडे वळ, डोक्यावर लागला की थांब. ब्रिटिशांचा मार्क वन १५ सप्टेंबर १९१६ रोजी पहिल्यांदा लढाईत उतरला. त्यात आठ माणसं आणि मधोमध उघडंवाघडं इंजिन. वळायला चार जणांचा मेळ लागायचा, कारण मागच्या दोघांकडे रणगाड्याच्या एकेका बाजूच्या लोखंडी पट्ट्याचे गिअर असत. ड्रायव्हर इंजिनाच्या झाकणावर ठोकून त्यांचं लक्ष वेधायचा आणि हाताने खूण करायचा. बाहेर निरोप पाठवायला कबुतरं होती.

दुसऱ्या महायुद्धातही रशियन टी-३४ च्या कमांडरांनी ड्रायव्हरच्या खांद्यावर बूट टेकून दिशा दिल्या आहेत. लोडरला मूठ दाखवली की चिलखतभेदी गोळा, पंजा पसरला की फुटणारा गोळा. आतली लाइन बंद पडली तरी ही खूण बंद पडत नाही.

प्रश्न : टरेट गरागरा पूर्ण फिरतं. मग खाली ड्रायव्हरकडे जाणाऱ्या तारांना पीळ पडून त्या तुटत नाहीत का?
(एक मोटार वायंडर, लातूर)

तुम्हाला हे दोन ओळींत कळेल: स्लिप रिंग आणि ब्रश. टरेटच्या तळाशी मधोमध तांब्या-पितळेच्या कड्या असतात, प्रत्येक तारेला एक, आणि त्यांवर ब्रश, म्हणजे वीज पुढे नेणारे तुकडे, घासत राहतात, म्हणून टरेट फिरलं तरी तारा पिळत नाहीत. बिघाडही तुमच्या ओळखीचेच: धूळ, तेलाचा थर, झिजलेला ब्रश. ओळखायची खूण अशी, की टरेट स्थिर असताना बोलणं स्वच्छ येतं आणि फिरू लागलं की तुटक होतं. असं झालं तर हेडफोन बदलत बसू नये. आधी कड्या पुसून बघाव्यात.

प्रश्न : बाहेरच्या पायदळाला आतल्यांशी बोलायचं असेल तर?
(एक वाचक, हिंगोली)

१९४४ पासून अनेक अमेरिकन शर्मनच्या मागच्या बाजूला पेटीत फील्ड टेलिफोन बसवला गेला. पायदळाचा जवान चिलखताच्या आडोशाला उभा राहून रिसीव्हर उचलायचा आणि शत्रू कुठे आहे ते सांगायचा. त्याआधी टरेटवर चढून झडप ठोकावी लागायची, तीही गोळीबारात.