डोंबिवलीच्या स्टेशनावर सुचलेली संख्या : वाचकांचे प्रश्न

१२३४५६७८९८७६५४३२१ या सतरा अंकी संख्येविषयीचे काही निवडक प्रश्न.

प्रश्न : १११११११११ चा वर्ग केला की ही संख्या येते. हे असं जिन्यासारखं उत्तर का येतं?

शाळेतला उभा गुणाकार मांडा. नऊ एकांची तीच ओळ नऊ वेळा येते, दर वेळी एक घर डावीकडे सरकून. रकान्यांची बेरीज उजवीकडून करत चला : पहिल्यात १, मग २, मग ३, मधल्या रकान्यात ९ आणि तिथून उतार. कुठेच दहा होत नाहीत, त्यामुळे हातचा धरावाच लागत नाही. आता दहा एकांचा वर्ग करा : १२३४५६७९००९८७६५४३२१. मध्ये दहा झाले, हातचा सरकत गेला आणि डावीकडचा ८ गेला.

प्रश्न : हिला ‘डेम्लो’ संख्या का म्हणतात?

देवळालीच्या शाळेतले शिक्षक द. रा. कापरेकर यांनी दिलेलं हे नाव. डेम्लो म्हणजे जी.आय.पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेच्या काळातलं डोंबिवली. या संख्यांची कल्पना त्यांना त्या स्टेशनावर सुचली. ६१७४ या ‘कापरेकर स्थिरांका’मुळे कापरेकर जगाला ठाऊक झाले, पण मला डेम्लो संख्या जास्त आवडतात. त्यांची अट साधी आहे : डाव्या आणि उजव्या तुकड्यांची बेरीज केली की मधलाच अंक ओळीने यायला हवा. इथे १२३४५६७८ + ८७६५४३२१ = ९९९९९९९९, आणि मध्ये ९. डोंबिवलीच्या फलाटावर एवढी एक ओळ रंगवायला काय हरकत आहे?

प्रश्न : ही मूळ संख्या आहे का?

नाही, वर्ग आहे ना! ३ चा चौथा घात, ३७ चा वर्ग आणि ३३३६६७ चा वर्ग यांचा हा गुणाकार. घातांकांत एकेक मिळवून गुणलं की ५ × ३ × ३, म्हणजे ४५ विभाजक. अंकांची बेरीज ८१, आणि ८१ ने भागही जातो. भागाकार येतो १२३४५६७९ चा वर्ग. माझ्या मते संख्येची खरी ओळख या अवयवांत आहे. जिना दशमान पद्धतीची देणगी आहे. हीच संख्या अष्टमानात, म्हणजे दहाऐवजी आठच्या पटीत, लिहिली की तो मोडतो, पण ३७ ने भाग तेव्हाही जातोच.

प्रश्न : ही संख्या स्प्रेडशीटमध्ये लिहिली की शेवटी ३०० दिसतं आणि जावास्क्रिप्ट या संगणकभाषेत ३२०. बरोबर काय?

दोन्ही चूक. एक्सेल १५ सार्थ अंक ठेवतं आणि पुढे शून्यं भरतं. जावास्क्रिप्टच्या नेहमीच्या ६४ बिटांच्या पद्धतीत सगळे पूर्णांक २ च्या ५३ व्या घातापर्यंतच, म्हणजे ९००७१९९२५४७४०९९२ पर्यंतच, सलग मावतात. त्यापुढच्या टप्प्यात फक्त सम संख्यांना जागा असते. आपली विषम, म्हणून ती शेजारच्या सम संख्येवर जाऊन बसते. पायथन या संगणकभाषेत १११११११११ चा वर्ग करून पाहा, शेवटचे २१ जागच्या जागी मिळतील.