संकेतस्थळाचा सातबारा कोणी पाहावा?

प्रश्न : आमच्या गावातील शेतकरी उत्पादक कंपनीसाठी मी डॉट कॉम नाव घेतले आणि नोंदीत घरचा पत्ता व स्वतःचा मोबाइल क्रमांक दिला. दुसऱ्या दिवसापासून संकेतस्थळ बनवून देणाऱ्यांचे फोन थांबेनात. याउलट, मागच्या खरिपात आमच्या एका सभासदाने कपाशीच्या बियाण्यासाठी एका संकेतस्थळावर पैसे भरले. बियाणे आलेच नाही आणि मालकाची नोंद पाहिली तर सारा तपशील झाकलेला. मग ही नोंद उघडी असावी की झाकलेली?
– एक वाचक, घाटंजी तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : सातबारा कोणीही पाहू शकतो, पण त्यावर शेतकऱ्याचा मोबाइल क्रमांक नसतो. संकेतस्थळाचा मालक कोण हे सांगणाऱ्या ‘हू-इज’ नोंदीत मात्र नाव, पत्ता, ईमेल, फोन असे सारेच वर्षानुवर्षे उघडे होते, कारण १९८२ साली ही पद्धत लिहून काढली गेली तेव्हा संगणकांच्या जाळ्यावर मोजके संशोधक आणि संस्थाच होत्या. २५ मे २०१८ रोजी युरोपचा व्यक्तिगत माहिती जपणारा जीडीपीआर कायदा लागू झाला आणि त्यासाठी संकेतस्थळांच्या नावांचा कारभार पाहणाऱ्या आयकॅन या जागतिक संस्थेने व्यक्तीचा तपशील झाकण्याचा नियम केला. भारतीय धारकांचा तपशील झाकणे मात्र बहुतांशी नाव नोंदवून देणाऱ्या नोंदणी कंपनीच्या मर्जीवर राहिले. आपला क्रमांक बाहेर गेला तो बहुधा त्यामुळेच. खात्यात गोपनीयतेची सोय असते, अनेक ठिकाणी ती फुकट मिळते, ती सुरू करावी. (डॉट इन नावांना मात्र त्यांचा कारभार पाहणारी निक्सी ही संस्था आडनोंदीची, म्हणजे धारकाऐवजी दुसऱ्याचा तपशील दाखवण्याची, सेवा मान्य करत नाही.)

बियाण्याच्या फसवणुकीबाबत एक गैरसमज दूर करायला हवा. उघड्या नोंदींच्या काळातही ठग खरा पत्ता लिहीत नसत; मात्र एकच खोटा ईमेल दहा संकेतस्थळांवर सापडला की तपास करणाऱ्यांच्या हाती धागा लागे, तो धागा आता सहज मिळत नाही, हे नुकसान मी कमी लेखणार नाही. तरीही झाकलेली नोंद नष्ट झालेली नसते, ती नोंदणी कंपनीकडे असते आणि पोलीस ती मागू शकतात. म्हणून अशा वेळी मालक शोधत बसण्यापेक्षा तातडीने १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तक्रार करावी. शिवाय झाकलेल्या नोंदीतही नाव कधी घेतले ती तारीख दिसते. पंचवीस वर्षांची परंपरा सांगणाऱ्या दुकानाचे नाव तीन आठवड्यांपूर्वी नोंदलेले निघाले, तर पैसे भरण्याचे कारण उरत नाही. बियाणे विकायला १९८३ च्या बियाणे नियंत्रण आदेशानुसार परवाना लागतो. त्याचा क्रमांक मागून तालुका कृषी कार्यालयात दाखवावा.

माझ्या मते, घरून लिहिणाऱ्याचा पत्ता झाकलेलाच बरा, पण लोकांचे पैसे घेणाऱ्याने नाव लपवू नये. आपल्या कंपनीचे नाव आणि नोंदणीकृत पत्ता कंपनी निबंधकाकडे तसाही खुला आहे. तेव्हा ‘संस्था’ या रकान्यात तो निःसंकोच द्यावा, फोन कार्यालयाचा द्यावा आणि घर तेवढे झाकावे. नोंद एकदा झाकली की धारक कोण हे इतर सभासदांनाही बाहेरून दिसत नाही. आज ते डॉट कॉम नाव आपल्या व्यक्तिगत मालकीचे दिसते. पुढच्या सर्वसाधारण सभेआधी ते कंपनीच्या नावावर करून घ्यावे.