चर्चने विवाह शून्य ठरवला, तरी कोर्टाचा हुकूमनामा लागतोच का?

प्रश्न : मिरजेहून एका भगिनींनी विचारले आहे. त्या कॅथलिक असून त्यांचा विवाह २०१५ मध्ये मिरजेतील चर्चमध्ये झाला. लग्नानंतर दोघे साताऱ्यात राहत होते. डिसेंबर २०१९ मध्ये पती त्यांना आणि लहान मुलाला सोडून निघून गेला, तेव्हापासून त्या माहेरी आहेत. चर्चच्या न्यायासनाने (चर्चच्या स्वतःच्या धर्मन्यायालयाने) २०२४ मध्ये तो विवाह मुळातच शून्य असल्याचा निर्णय दिला. आता सांगलीतील एका प्रोटेस्टंट विधुर गृहस्थांचे स्थळ आले असून हॉलही ठरला आहे. परंतु त्या गृहस्थांच्या चर्चचे पाळक (धर्मगुरू) कोर्टाचा कागद मागतात. पती फोनवर म्हणतो, “चर्चने मोकळे केले, आता कोर्ट कशाला आणि पोटगी तरी कसली?” शिवाय घरातील वडीलधाऱ्यांना कोर्टात घटस्फोट मागणे हेच पाप वाटते.

उत्तर : पाळकांची मागणी रास्त आहे आणि त्यांनी ती वेळेवर केली, हे आपले नशीब समजावे. आपण पाठवलेली निर्णयाची प्रत मी वाचली. ती चर्चपुरती अंतिम आहे, कारण अशा निर्णयावर दुसऱ्या न्यायासनाचे शिक्कामोर्तब घेण्याची जुनी अट पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये काढून टाकली. परंतु देशाच्या कायद्यापुढे आपण आजही पहिल्या पतीच्याच पत्नी आहात. चर्चच्या न्यायासनाने दिलेल्या निर्णयाने दिवाणी कायद्यातील विवाह संपत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये स्पष्ट केले, आणि अशा निर्णयांना कोर्टाच्या घटस्फोटाइतकीच मान्यता द्यावी ही मागणी २०१७ मध्ये फेटाळली. आज लग्न लावले तर ते कायद्याने शून्य ठरेल आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ खाली आपल्यावर द्विभार्या-द्विपतीविवाहाचा गुन्हा दाखल होऊ शकेल, ज्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पहिला विवाह शून्य ठरल्याची सूट या कलमात आहे, पण तो ‘सक्षम न्यायालयाने’ शून्य ठरवलेला असावा लागतो, आणि चर्चचे न्यायासन त्या शब्दांत बसत नाही.

वडीलधाऱ्यांची शंका मला हलकी वाटत नाही. “देवाने जे जोडले आहे ते माणसाने तोडू नये” हे वचन आपल्या लग्नाच्या दिवशीही वाचले गेले असेल. परंतु त्यांच्याच धर्मसभेने त्याचा अर्थ कसा लावला आहे तेही पाहावे. विधिवत झालेले आणि शरीरसंबंधाने पूर्ण झालेले ख्रिस्ती लग्न मृत्यूखेरीज कशानेही तुटत नाही, अशी कॅथलिक शिकवण आहे. म्हणूनच न्यायासनाने आपले लग्न ‘तोडले’ नाही, ते बंधन आरंभापासूनच जुळले नव्हते असे म्हटले. तोडण्यासारखे काही नाही असे चर्चच सांगत असेल, तर कोर्टाचा हुकूमनामा देवाने जोडलेले काय तोडणार? त्याहीपुढे, कायदेशीर हक्क, मुलांचे संगोपन किंवा वारसा यांच्या रक्षणासाठी दुसरा मार्गच नसेल तर दिवाणी घटस्फोट घेणे हा नैतिक अपराध होत नाही, असे कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथातच लिहिले आहे. मुलाबद्दलही निर्धास्त असावे : असा विवाह शून्य ठरला तरी त्यातील अपत्य चर्चच्या कायद्याने औरसच राहते. प्रोटेस्टंट मंडळ्यांत अशी न्यायासने नसतात. तेथे बहुधा व्यभिचाराबद्दलचे मत्तयाच्या एकोणिसाव्या अध्यायातील वचन आणि सोडून गेलेल्या जोडीदाराविषयी पौलाने करिंथकरांस लिहिलेले शब्द यांचा आधार घेतला जातो. त्यामुळे पाळकांची नजर थेट कोर्टाच्या कागदावर जाते.

आता मार्ग. कोर्टाकडूनही विवाह शून्यच ठरवून घ्यावा असा मोह होईल, पण तो टाळावा. चर्चने आपल्या प्रकरणात मानसिक अपात्रतेचे कारण धरले आहे; ख्रिस्ती विवाहांना लागू असलेल्या १८६९ च्या घटस्फोट अधिनियमातील विवाहशून्यतेची कारणे त्यापेक्षा बरीच अरुंद आहेत, आणि त्यांत बसवण्याच्या खटाटोपात वर्षे जातील. पती सही करायला तयार असेल तर कलम १०-अ खाली परस्पर संमतीचा अर्ज हा सरळ रस्ता आहे. दोन वर्षे विभक्त राहण्याची अट आपण केव्हाच ओलांडली आहे. अर्जानंतर सहा महिने ते अठरा महिने या काळात दोघांनी पुन्हा कोर्टापुढे येऊन संमती कायम असल्याचे सांगायचे असते. कोर्टाच्या हुकूमनाम्याशिवाय त्यालाही दुसरे लग्न करता येणार नाही, हे त्याला शांतपणे सांगा. तो अडून बसलाच, तर दोन वर्षांहून अधिक काळचा परित्याग हे स्वतंत्र कारण आहे. २००१ च्या दुरुस्तीपूर्वी ख्रिस्ती पत्नीला नुसता परित्याग पुरत नसे, त्याला व्यभिचाराची जोड द्यावी लागे, आणि पतीला मात्र एकटा व्यभिचार पुरे होता. हा अन्याय मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने १९९७ मध्येच दाखवून दिला होता. पतीचे कोणाशी संबंध आहेत अशी कुजबुज आपण लिहिली आहे, ती अर्जात आणू नका. व्यभिचाराचा आरोप केला की त्या दुसऱ्या व्यक्तीलाही प्रतिवादी करावे लागते आणि साधे प्रकरण चिघळते.

अर्ज कोठे करायचा, यात अनेक ख्रिस्ती पक्षकार फसतात. हिंदू पत्नीला ती राहत असेल तेथे अर्ज करता येतो, तशी तरतूद या अधिनियमात नाही. लग्न जेथे लागले, किंवा दोघे जेथे राहतात अथवा शेवटचे एकत्र राहिले, तेथीलच कोर्ट चालते. आपले लग्न मिरजेत लागल्यामुळे सांगली जिल्ह्यात अर्ज करता येतो. ते साताऱ्यात लागले असते तर प्रत्येक तारखेला तिकडे खेटे घालावे लागले असते. म्हणून चर्चच्या विवाह नोंदवहीतील उताऱ्याची प्रमाणित प्रत आधी घ्यावी. त्या नोंदीच्या समासात विवाह शून्य ठरल्याचा शेरा असेल. तो झाकून प्रत मागू नका. मूळ नोंद आणि शेरा दोन्ही दिसू द्या आणि न्यायासनाचा निर्णयही अर्जात खरेपणाने नमूद करा. तो कोर्टावर बंधनकारक नाही, पण लपवल्यास उलटतपासणीत अंगाशी येईल.

पोटगीचे पतीचे म्हणणे साफ चूक आहे. हुकूमनामा होईपर्यंत आपण पत्नी आहात, उद्या त्याचे काही बरेवाईट झाले तर १९२५ च्या वारसा कायद्याने त्याच्या मिळकतीत एक तृतीयांशाच्या वारसही आहात. आपली पोटगी पुनर्विवाहापर्यंत चालेल. मुलाचा खर्च मात्र त्यानंतरही पित्यावरच राहील, आणि तो सोडून देऊन सही मिळवण्याचा सौदा आपण करू नये, कारण तो हक्क आपला नसून मुलाचा आहे.

हुकूमनामा हाती आला तरी अपिलाची मुदत संपेपर्यंत लग्न लावता येणार नाही. प्रोटेस्टंट व्यक्तीशी लग्न म्हणून आपल्या फादरांमार्फत बिशपांची परवानगीही लागेल, ती त्या काळात मागून ठेवता येईल. हॉलवाल्याला मात्र आजच कळवावे. दिलेला विसार बुडाला तरी चालेल.