ऊर्जा धोरणाला 'कायदेशीर' स्वरूप की 'वैधानिक'?

गंगापूर रोडवरच्या एका सोसायटीच्या सचिवांचा प्रश्न असा: 'राज्याच्या ऊर्जा धोरणाला कायदेशीर स्वरूप' असा मथळा वाचला. मग ते धोरण आधी बेकायदेशीर होते का? एकाच कागदाला कोणी अध्यादेश म्हणते, कोणी जीआर, कोणी नियमावली. गच्चीवर सौर पॅनेल बसवण्याच्या अर्जात यांपैकी काय लिहायचे?

शंका रास्त आहे, कारण मथळ्यातला शब्दच चुकला आहे. 'कायदेशीर' म्हणजे कायद्याला धरून असलेले. मंत्रिमंडळाने रीतसर मंजूर केलेले धोरण पहिल्या दिवसापासून कायदेशीरच असते. मथळा देणाऱ्याला 'वैधानिक' म्हणायचे होते, म्हणजे विधिमंडळाच्या अधिनियमाचे (संमत झालेल्या कायद्याचे) बळ असलेले. फरक व्यवहारात दिसतो. धोरण मंत्रिमंडळाला बैठकीत बदलता येते. अधिनियम बदलायचा तर विधेयक घेऊन विधिमंडळातच जावे लागते.

सगळ्यात जास्त घोळ 'अध्यादेश' या शब्दाचा आहे. वर्तमानपत्रे कोणत्याही शासन निर्णयाला सर्रास अध्यादेश म्हणतात, आणि हे थांबायला हवे. अध्यादेश राज्यपाल काढतात, तोही विधिमंडळाचे अधिवेशन चालू नसताना, संविधानाच्या अनुच्छेद 213 खाली. त्याला अधिनियमाइतकेच बळ असते, पण अधिवेशन पुन्हा सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांत त्याची जागा अधिनियमाने घेतली नाही तर तो संपतो. शासन निर्णय, म्हणजे आपला जीआर, शासनाचा संबंधित विभाग काढतो. त्याच्या शेवटी 'महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने' ही ओळ असते. घोळ बहुधा तिच्यामुळेच होत असावा. कागद हातात आला की वर 'वाचा' आणि 'प्रस्तावना' आहे का, शेवटी संकेतांक क्रमांक आहे का, ते बघा. असेल तर तो जीआर. अधिनियमाचे पहिलेच कलम 'संक्षिप्त नाव' सांगते: 'या अधिनियमास … असे म्हणावे.'

निफाड-दिंडोरीकडे ज्याची सतत चर्चा असते ती कृषिपंपांची मोफत वीज घ्या. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांसाठीची ही योजना 25 जुलै 2024 च्या शासन निर्णयाने आली. तो अध्यादेश नव्हे आणि अधिनियमही नव्हे. तरी ती चालते, कारण विद्युत अधिनियम, 2003 च्या कलम 65 नुसार राज्य सरकार ग्राहकांच्या एखाद्या वर्गाला अनुदान देऊ शकते, मात्र ती रक्कम वितरण कंपनीला आगाऊ भरावी लागते. योजना जीआरची, पण तिचा पाया अधिनियमात आहे.

धोरणातली आश्वासने अडतात ती बहुतेक वेळा अशा पायाअभावीच. धोरणात 'विद्युत शुल्क माफ' असे छापले म्हणून बिलातले शुल्क आपोआप जात नाही. ते महाराष्ट्र विद्युत शुल्क अधिनियम, 2016 खाली आकारले जाते, म्हणून माफीची अधिसूचनाही त्याच अधिनियमाखाली राजपत्रात यावी लागते.

आता 'नियम' आणि 'विनियम'. 2003 च्या अधिनियमात कलम 180 खाली राज्य सरकार करते ते नियम, आणि कलम 181 खाली राज्य विद्युत नियामक आयोग करतो ते विनियम. 'नियमावली' हा बोलण्यातला सैल शब्द, अर्जात टाळावा. सरकारला आपले धोरण आयोगापर्यंत न्यायचे असेल तर कलम 108 खाली सार्वजनिक हिताच्या धोरणविषयक बाबीत ते आयोगाला निदेश देते. हा शब्द 'निदेश' आहे. 'निर्देश' म्हणजे उल्लेख, आणि 'आदेश' आणखी वेगळा.

संपूर्ण धोरणाचाच राज्य अधिनियम करायचा झाला तर? वीज समवर्ती सूचीत आहे (नोंद 38), म्हणजे तिच्यावर केंद्र आणि राज्य दोघेही कायदे करू शकतात. राज्याची तरतूद केंद्राच्या 2003 च्या अधिनियमाशी विसंगत असेल तर अनुच्छेद 254 प्रमाणे तिला राष्ट्रपतींची अनुमती लागते. नाहीतर विसंगतीपुरती ती निष्प्रभ ठरते. विधेयक 'मांडतात', सभागृह ते 'संमत' करते, राज्यपाल 'अनुमती' देतात. धोरण 'जाहीर' होते. 'धोरण संमत झाले' असे कोणी लिहिले तर नेमके काय झाले ते विचारावे.

'धोरण'च्या जागी 'अधिनियम' हा शब्द आला तरी क्रियापद बदलले नाही तर फारसे काही बदलत नाही, हे मात्र आवर्जून पाहा. धोरणात 'प्रोत्साहन देण्यात येईल', 'प्रयत्न केला जाईल' अशी भाषा असते. अधिनियमात 'करील' म्हणजे केलेच पाहिजे आणि 'करू शकेल' म्हणजे करायचे की नाही ते त्याच्या मर्जीवर. मसुद्यात 'करील'च्या जागी 'करू शकेल' आले की नागरिकाचा हक्क जातो, सरकारचा अधिकार तेवढा उरतो. म्हणून मसुद्यावर हरकती-सूचना मागवल्या की आधी क्रियापदे वाचावीत.

तुमच्या अर्जापुरते सांगायचे तर 'शासनाच्या ऊर्जा धोरणानुसार' असे लिहू नका. नेट मीटरिंगचा, म्हणजे गच्चीवरची जादा वीज ग्रीडला देऊन ती बिलात वळती करून घेण्याचा, हक्क धोरणातून नाही, आयोगाच्या विनियमांतून येतो. 'महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाच्या छतावरील नवीकरणीय ऊर्जेबाबतच्या विनियम, 2019 (वेळोवेळी सुधारित) नुसार' असे लिहा आणि मंजूर भार, ग्राहक क्रमांक व पॅनेलची क्षमता किलोवॅटमध्ये द्या. अर्ज अडला आणि ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे जावे लागले, तर तिथेही विनियमाचाच क्रमांक विचारतील.