पहिलं प्रवासवर्णन वाचताना
अगं, ठिकाणांची यादी करत बसू नकोस. माणूस निघताना कसा होता आणि परतताना कसा झाला, तिकडे लक्ष ठेव. सुरुवात गोडसे भटजींच्या ‘माझा प्रवास’पासून कर. आपल्या पेणजवळच्या वरसईचा हा भिक्षुक घरचं कर्ज फेडायला, दानदक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे निघाला आणि १८५७च्या धामधुमीत सापडला. झाशीची पानं सावकाश वाच. तो स्वतःची भीती लपवत नाही, मला तेच फार भावतं. कमाई लुटली गेली, तरी आईवडिलांसाठी गंगेची कावड घरी आणलीच! तिथे पुस्तक मिटून जरा थांब. भाषा जुनी आहे, आधी अडखळशील. मग मोठ्याने वाच. मी अलिबागला पावसाळ्यात पडवीत बसून आजीला वाचून दाखवलं, तेव्हा कुठे मला ते उमगलं.